डाव्या कुशीचं दुखणं

सातारा
१२ डिसेंबर २०२४

प्रिय मधुताई,
सप्रेम जय भीम.

काल फोनवर तू तीनदा "काय म्हणालीस?" विचारलंस आणि मी तीनदा "काही नाही, बरी आहे" असं ओरडून सांगितलं. ते नवऱ्यानं ऐकलं, लेकीनं ऐकलं, खालच्या मजल्यावरच्या काकूंनीही ऐकलं. ऐकलं नाही ते फक्त तू. तुझे कान गेल्यापासून आपण दोघी बहिणी पुन्हा पत्रांवर आलो, यात माझा फायदाच झालाय. जे ओरडून सांगता येत नाही ते लिहिता येतं.

तर, मी बरी नाही. दिवाळीपासून पोट दुखतंय. खाली, डाव्या कुशीत, कंबरेच्या हाडाच्या आतल्या बाजूला. दोन दिवस दुखतं, चार दिवस विसरायला होतं, मग पुन्हा कुणीतरी आतून मूठ वळल्यासारखं वाटतं. कधी चार-चार दिवस पोट साफ होत नाही, कधी एकदम बिघडतं. गल्लीतल्या डॉक्टरांनी गॅसच्या गोळ्या दिल्या, त्या संपल्या. ड्यूटीवर एसटीत उभी असते तेव्हा सीटच्या दांडीला डावी बाजू टेकवून तिकिटं फाडते. म्हणजे आता फाडत नाही, मशीनमधून काढते. पण तोंडात तेच बसलंय. सातारा-पाटण रस्त्यावर उंब्रजपर्यंत ठीक असतं. पुढे वळलो की प्रत्येक खड्डा मला नावानं हाक मारतो.

घरी सांगितलेलं नाही. साक्षीची बारावी आहे. तिला कळलं तर पुस्तक मिटून उशाशी येऊन बसेल. महेंद्रला सांगावं तर त्याचा चेहरा म्हणजे उघडं वर्तमानपत्र. माझ्या बारावीत माई गेली, आणि सख्ख्या आईचं शेवटचं बोलणंसुद्धा माझ्या वाट्याला आलं नाही. तुला दोष देत नाही. म्हणजे, पूर्वी द्यायचे, आता देत नाही. पण साक्षीच्या परीक्षेत असलं काही नको. मार्चपर्यंत निभावून नेते.

तुझी,
पमा


सांगली
१७ डिसेंबर २०२४

प्रिय पमा,
सप्रेम जय भीम.

पत्र दोनदा वाचलं. एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, त्यामुळे मोघम उत्तरं मला चालत नाहीत. आता विचारते त्याचं नीट उत्तर दे. वजन उतरलंय का? ब्लाऊज सैल होतात का? शौचाला लाल किंवा काळपट काही दिसलं का? जेवण नकोसं होतं का? दुखतं ती जागा तीच राहते की सरकते? लाजू नकोस, हे पत्र श्रद्धा उघडत नाही. सून चांगली आहे माझी, माझ्या नावाचा लिफाफा उशीखाली आणून ठेवते.

गल्लीतल्या डॉक्टरांचं आता पुरे. पोटाच्या मोठ्या डॉक्टरांकडे जा. साताऱ्यात जमत नसेल तर इकडे ये, मिरजेला दाखवू. एक दिवसाची रजा टाक, म्हण ताई आजारी आहे. माझ्या नावावर खपव.

आणि पाणी पितेस का? मागे आली होतीस तेव्हा बाटली जशीच्या तशी भरलेली पाहिली होती.

उत्तर लवकर पाठव. मी वाट पाहते.

मधुताई


सातारा
५ जानेवारी २०२५

प्रिय ताई,

काय ग तुझे प्रश्न! मला वाटलं पोलीस पाटलाचं पत्र आलंय. उत्तरं घे: वजन दोन किलो उतरलंय, पण ते मला हवंच होतं. लाल-काळं काही नाही. जागा तीच. जेवण जातं. पास केलंस का?

सोनोग्राफी करून आले, महेंद्रला डेपोत मीटिंग आहे सांगून. मूतखडा नाही, पिशवी ठीक आहे. आतड्यात खूप वायू आहे, त्यामुळे नीट दिसत नाही, असं लिहिलंय. वायू आहे हे मीही सांगू शकले असते.

पाण्याचं म्हणशील तर ड्यूटीवर मी पीत नाही. सकाळी घरून निघताना पेलाभर, मग थेट परत आल्यावर. वाटेत कुठं उतरायचं, गाडीभर माणसं खोळंबून ठेवून? एकदा उंब्रजच्या स्टँडवर उतरले होते तर मागून एक आजोबा ओरडले, "म्याडम गेल्या कुठं? आमाला काय हितंच मुक्काम हाय व्हय?" तेव्हापासून सवयच झाली. पाण्याची आणि बाकीचीही. वीस वर्षांची सवय आहे ताई, शरीर ऐकतं.

आता एक गंमत. मल्हारपेठच्या पुढच्या वस्तीवरच्या हरणाबाई बाजारच्या दिवशी आमच्या गाडीत असतात. सरकलेली बेंबी बसवण्यात त्यांचा हात धरणारं त्या भागात कुणी नाही. परवा मी दांडीला टेकलेली बघून राहीबाई म्हणून एक दुसऱ्या प्रवासी आहेत, त्या म्हणाल्या, "आवं म्याडम, तुमची बेंबी सरकलीया. उभ्यानं काम करता, जड उचलता. हरणाबाईकडं जावा, दोन वेळा चोळलं की मोकळ्या." मला ते पटलं. त्यापेक्षा खरं म्हणजे, पटावंसं वाटलं. शनिवारी माझी सुट्टी आहे. खोबरेल तेलाची बाटली घेऊन जाणार आहे.

इतकी काळजी करत जाऊ नकोस. तू लहानपणापासून माझ्या अंगावर शाल टाकत फिरतेस.

पमा


सांगली
९ जानेवारी २०२५

पमा,

पत्र आत्ता मिळालं. त्या बाईंकडे जाऊ नकोस. पोटाला कुणाचा हात लावून घेऊ नकोस, चोळून तर नाहीच. सीटी स्कॅन करून घे. का, ते विचारू नकोस. मी सोमवारी येते. रागावलीस तरी येते.

मधुताई


सातारा
२१ जानेवारी २०२५

प्रिय ताई,

तुझं चार ओळींचं पत्र मी दवाखान्यातून घरी आल्यावर वाचलं. तोवर तू येऊन, तीन दिवस राहून, माझे पाय दाबून परत गेलीसुद्धा होतीस. पण त्या तीन दिवसांत तुला काहीच सांगता आलं नाही. वॉर्डात तुझ्याशी बोलायचं म्हणजे सोळा खाटांना सांगायचं. म्हणून पहिल्यापासून लिहिते.

त्या शनिवारी मी हरणाबाईंच्या दारात पोचले तेव्हाच अंगात कणकण होती. त्यांनी मला घोंगडीवर आडवं केलं. बेंबीत अंगठा ठेवला आणि डोळे मिटून बसल्या, आपण घड्याळाला कान लावतो तशा. मग म्हणाल्या, "बाय, बेंबी जाग्याव हाय." मग डाव्या कुशीवर चार बोटं ठेवून हळूच दाबलं. दुखलं, पण सोसलं. आणि एकदम हात उचलला. ताई, मी किंचाळले. दाबताना नाही, सोडताना.

त्यांनी माझ्या कपाळाला हात लावला आणि उठूनच उभ्या राहिल्या. "ह्याला मी हात लावनार न्हाई."

मी म्हटलं, "अहो, थोडं चोळा तरी. तेल आणलंय."

"त्याल घरी ने, भाजीला घाल. ऊठ, दवाखान्यात चल."

"पण मावशी, लोक तर म्हणतात की तुमच्या हाताला…"

"लोकास्नी काय म्हाईत?" त्या माझी चप्पल सरळ करून ठेवत होत्या. "एकदा एका लेकुरवाळीचं प्वाट असंच चोळलं, तापात. लय वर्सं झाली. तिसऱ्या दिशी ती गेली. कुनी मला बोललं न्हाई. पर माझा हात मला बोलतो."

त्या मला एकटीला सोडायला तयार नव्हत्या. गळ्यातली तुळशीची माळ चाचपत, काठी घेऊन, अनवाणीच रस्त्यापर्यंत आल्या आणि गाडीतही चढल्या. गाडी योगायोगानं आमचीच, दादासो चालवत होते. माझ्या जागी बदली कंडक्टर होता. हरणाबाईंनी केबिनजवळ जाऊन सांगितलं, "दादासो, हिला हिसका बसू देऊ नको रं." ते म्हणाले, "म्हाईत हाय मावशी. दिवाळीपास्नं सांबाळूनच चालवतोय."

ऐकलंस? दिवाळीपासून. मी कुणाला कळू दिलं नाही अशा थाटात होते, आणि तो माणूस रोज माझ्यासाठी खड्डे चुकवत होता. एका शब्दानं बोलला नाही. मी विचारलं तर म्हणाला, "तुमी सांगत न्हवता, मंग मी कशाला इचारू?"

दवाखान्यात सर्जन आले. त्यांनी काय केलं असेल? डाव्या कुशीवर चार बोटं ठेवून दाबलं आणि एकदम सोडलं. मी तशीच किंचाळले. त्यांनी विचारलं, "तुम्हाला इथं कुणी पाठवलं?" मी दाराशी बसलेल्या हरणाबाईंकडे बोट दाखवलं. सगळं ऐकल्यावर ते त्यांच्यापाशी जाऊन म्हणाले, "मावशी, आज चोळलं असतं तर फुटलं असतं." त्या म्हणाल्या, "म्हनून तर आनली." महेंद्र आल्यावरच त्या परत गेल्या.

स्कॅनमध्ये कळलं. डायव्हर्टिक्युलायटिस. मी तो शब्द कागदावर लिहून घेतला, तुला ओरडून सांगता आला नसता. डॉक्टरांनी समजावलं ते असं: सायकलच्या जुन्या ट्यूबला जागोजागी फुगे येतात ना, तसे मोठ्या आतड्याच्या भिंतीला बारीक फुगे येतात. पुष्कळांना असतात, कळतही नाहीत. माझ्यातला एक सुजला, त्याच्या शेजारी बोराएवढं गळू झालं. ऑपरेशनची वेळ आली नाही. तीन दिवस तोंडानं काही नाही, फक्त सलाईन आणि शिरेतून औषधं. मग पातळ पेज. एकच कारण सांगता येत नाही म्हणाले, पण पाणी न पिणं, शौच दाबून ठेवणं, डब्यात रोज वडापाव नाहीतर चपातीच, यानं मदत झाली असणार. वीस वर्षं शरीर ऐकतं असं मी तुला लिहिलं होतं. ऐकत नव्हतं, लिहून ठेवत होतं.

सूज पूर्ण उतरली की सहा-आठ आठवड्यांनी दुर्बिणीनं आतडं आतून बघणार आहेत. नेहमीची पद्धत आहे म्हणाले, दुसरं काही लपलेलं नाही ना, याची खात्री.

काल पहिल्यांदा मऊ भात खाल्ला. पहिला घास घेतला आणि हसू येतंय की रडू, कळेना. माझ्यासाठी किती जण काय काय करत होते आणि मी त्यांच्यापासूनच लपत होते.

तुझी,
पमा


सांगली
३० जानेवारी २०२५

प्रिय पमा,

हे पत्र चार वेळा लिहून फाडलं. हे पाचवं आहे, आणि हे फाडायचं नाही असं श्रद्धाला सांगून बसले आहे. तिला सगळं वाचून दाखवलंय. पहिल्यांदा तिला, कारण तुला सांगायचं धैर्य त्यातून येईल असं वाटलं.

मी आले त्याच्या दुसऱ्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरांनी तुला विचारलं, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर होता का? तू म्हणालीस, "नाही. आईला अल्सर होता." मी शेजारी स्टुलावर बसले होते. पमा, मला ते कळलं. तुझे ओठ मला वाचता येतात. आणि मी ऐकू न आल्यासारखं करून खिडकीबाहेर पाहिलं. बहिरेपणाचा असा उपयोग मी त्याआधी कधी केला नव्हता.

माईला अल्सर नव्हता. मोठ्या आतड्याचा कॅन्सर होता. नोव्हेंबर चौऱ्याण्णवमध्ये मिरजेत निदान झालं तेव्हा फार पुढे गेला होता. ती त्रेपन्न वर्षांची होती. माझ्याकडे सांगलीला ठेवली. अप्पा आणि तू मलकापूरला. अप्पा म्हणाले, पमीची बारावी आहे, परीक्षा होईपर्यंत कळता कामा नये. मी हो म्हटलं. परीक्षा होईपर्यंत माई राहील असा आमचा हिशेब होता. तुझे दोन पेपर उरले असताना ती गेली.

मग तुला सांगायला हवं होतं. पण तू इतकी खचली होतीस. पुढे तुझ्यासाठी स्थळं बघायला लागलो. फलटणहून महेंद्रच्या घरचे आले, तेव्हा तुझ्या सासूबाईंनी, चंद्राबाईंनी सरळ विचारलं, "आई कशानं वारल्या?" मी चहाचा ट्रे धरून दारात उभी होते. अप्पांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "अल्सर." त्या काळात हा आजार असलेल्या घरातली मुलगी म्हटली की लोक चहा अर्धा टाकून उठायचे. मी ट्रे पुढे केला. तेवढ्यानं माझाही त्या उत्तराला हात लागला. मग साक्षी पोटात होती, मग अप्पा गेले. मग सांगायला काही निमित्तच उरलं नाही, आणि न सांगितलेली गोष्ट खरी वाटायला लागली. मला स्वतःलाही.

तुझं डिसेंबरातलं पत्र आलं, डाव्या कुशीत दुखतंय हे वाचलं, तेव्हापासून मला जेवण जात नाही. माईलाही तिथंच दुखायचं. मी तुला वजन विचारलं, ब्लाऊज विचारला. तुला पोलीस पाटील वाटले. मी मिरजेच्या त्या डॉक्टरांनी माईला विचारलेले प्रश्न पाठ म्हणत होते.

आता डॉक्टरांना सांग. आजच सांग. दुर्बिणीतून बघताना त्यांना हे माहीत असायला हवं. माझ्यावर रागाव, पण आधी सांग.

त्या हरणाबाईंना माझा दंडवत. त्यांनी अनोळखी बाईला एका भेटीत खरं सांगितलं. मला सख्ख्या बहिणीला सांगायला तीस वर्षं लागली.

मधुताई


सातारा
२ मार्च २०२५

ताई,

महिना झाला, माहीत आहे. महेंद्रकडून "ती बरी आहे" एवढंच कळवत राहिले. बरी होते, पण तुझ्याशी बोलण्याइतकी नव्हते.

पत्र मिळालं त्याच दिवशी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी माझ्या फायलीत वरच लाल शाईनं लिहिलं. स्कॅनवरून सूजच दिसते आहे, घाबरू नका म्हणाले, पण दुर्बीण आता टाळायची नाही. गुरुवारी, सहा तारखेला आहे.

राग आला. इतका की तुझं पत्र मी रॉकेलच्या जुन्या डब्यात टाकून वर झाकण लावलं. माईजवळ बसायचे तीन-चार महिने माझे होते, ते तुम्ही दोघांनी परस्पर घेतलेत, असं वाटायचं. मनातल्या मनात तुला खूप बोलले. मग एका दुपारी साक्षी विचारायला आली, "मम्मी, दुर्बिणीत ते काय शोधणार आहेत?" आणि माझ्या तोंडून पटकन निघालं, "काही नाही ग, नेहमीची तपासणी."

ताई, ते शब्द अप्पांचे होते. किंवा तुझे. मी डिसेंबरात तुला काय लिहिलं होतं ते आठवलं. साक्षीला कळायला नको. मार्चपर्यंत निभावून नेते. मी तेच करत होते, अगदी तसंच, बारावीच्या नावाखाली. आणि तेव्हा मला ते प्रेमच वाटत होतं.

मग तिला बसवून सगळं सांगितलं. आजीचं, माझं, गुरुवारचं. तिनं पुस्तकात खूण घातली. मग म्हणाली, "उरलेले पेपर देऊ ना मी?"

"दे की."

"मग देते. पण गुरुवारी मी तिथंच बसणार. पुस्तक घेऊन बसेन. मला बाहेर काढायचं नाही."

"अभ्यास होईल तिथं?"

"इथं तरी कुठं होतोय? तू रोज गपचूप पोट धरून भाकरी करायचीस तेव्हा मला काय दिसत नव्हतं? मी तुला टेन्शन नको म्हणून बोलले नाही."

घ्या. ती माझ्यापासून लपवत होती!

तुला काय म्हणू? तू माईचं अंग पुसलंस, तिला भरवलंस, तिची घाण काढलीस, आणि वर माझा राग झेललास. तीस वर्षांत एकदाही म्हणाली नाहीस की मला काय बोलतेस, मला तर नुसतं तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं. माझं शिक्षण, माझं लग्न, ही माझी साक्षी, सगळं त्या न सांगण्यावर उभं आहे. बरोबर होतं की चूक, मला ठरवता येत नाही. पण तुझ्याविषयी मनात आता राग नाही. फार मोठी काहीतरी कृतज्ञता आहे, आणि ती कुठं ठेवायची ते कळत नाही.

एकच मागते: माई शेवटी काय बोलायची? आता सांग. सगळं.

पमा


सांगली
५ मार्च २०२५

प्रिय पमा,

हे गुरुवारच्या आत पोचणार नाही, तरी लिहिते.

माई फार मोठं काही बोलली नाही. शेवटच्या आठवड्यात तिला काही पचत नव्हतं. एके दिवशी म्हणाली, "मधे, भाकरी कर, ठेचा कर, आणि माझ्यासमोर बसून खा. मी बघते." मी खात होते आणि ती बघत होती. प्रत्येक घासाला तिचे ओठ हलायचे. शेवटी म्हणाली, "मीठ कमी पडलंय." खरंच कमी होतं.

तुझ्याविषयी म्हणायची, "पमीला अजून वेणी नीट घालता येत नाही. तिचे केस कापून टाका, सुटेल बिचारी." आणि एकदा अप्पा भेटून परत गेल्यावर माझा हात धरून म्हणाली, "ती आली असती तर मला रडू आलं असतं. ती नाही ते बरंय. पण ती आली असती तर बरं झालं असतं." दोन्ही म्हणाली. मी तुला आजवर त्यातलं एकही सांगितलं नव्हतं. आता दोन्ही तुझी.

मधुताई


सातारा
१० मार्च २०२५

प्रिय ताई,

काही नाही! आधी तेच लिहिते. दुर्बिणीत कॅन्सर नाही, गाठ नाही. फुगे आहेत, सात-आठ, ते राहणार. सुजलेला बरा झालाय. डॉक्टर बाहेर येऊन बोलले तेव्हा साक्षीनं रसायनशास्त्राचं पुस्तक इतकं जोरात मिटलं की सिस्टर दचकल्या.

तुझं पत्र त्यानंतर मिळालं. दोन्ही माझी. ठेवून घेतली.

पुढच्या आठवड्यापासून कामावर जाणार. आताच दादासो घरी येऊन गेले, शिंगणापुरी बोरं घेऊन. मी म्हटलं, बिया चालतात का ते विचारायला लागेल. आजाराचं नाव त्यांना म्हणता येईना, तेव्हा म्हणाले, "डायव्हर्शन झालतं म्हना की. रस्ता दुरुस्त झाला, झालं." मग जाता जाता सांगून गेले, "म्याडम, ह्या म्हैन्यापास्नं गाडी उंब्रजला रोज गरम हुनार हाय. पाच मिन्टं थांबावंच लागंल. तुमी पानी प्या, जाऊन या." मी म्हटलं, आणि ते आजोबा ओरडले तर? "त्यास्नी बी उतरवतो. त्यांचं बी वय झालंय."

रविवारी आम्ही तिघं हरणाबाईंकडे जाऊन आलो. लुगडं घेऊन गेलो होतो. घेईनात. म्हणाल्या, "मी काय केलं? काईच न्हाई केलं." महेंद्र म्हणाला, "मावशी, तेच तर." मग घेतलं, आणि साक्षीच्या हातावर गूळ ठेवला.

आता नीट वाच. डॉक्टरांनी निघताना विचारलं, "तुमच्या त्या बहीण आल्या होत्या, त्यांचं वय किती? त्यांची तपासणी झालीय का?" ज्यांच्या आईला हा आजार होता त्यांनी चाळिशीतच दुर्बीण करून घ्यायला हवी म्हणाले. तू साठ वर्षांची आहेस ताई. माईचा आजार तू डोळ्यांनी पाहिलास. मला स्कॅन कर म्हणून लिहिलंस. तू स्वतः कधी गेलीस? प्रश्नाचं नीट उत्तर दे, मोघम चालणार नाही.

मला उत्तर माहीत आहे. म्हणून श्रद्धाला फोन केला. मिरजेत चोवीस तारखेची वेळ घेतली आहे. मी रजा टाकली आहे, ताई आजारी आहे असं सांगून. रागावलीस तरी येते.

पमा


सांगली
४ एप्रिल २०२५

प्रिय पमा,
सप्रेम जय भीम.

तू साताऱ्याला परत गेलीस आणि रिपोर्ट यायला आज उजाडलं. श्रद्धानं फोनवर तुला दोन शब्दांत कळवलं असेलच. पण मला लिहूनच सांगायचं होतं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. मी कधीच गेले नव्हते. चाळिसाव्या वर्षी वाटलं होतं, जावं. पन्नाशीत वाटलं. गेले असते तर फॉर्मवर लिहावं लागलं असतं की आई कशानं गेली. माझ्या शाळेत, नात्यात, सगळीकडे अल्सरच होता. आणि खरं सांगू? त्रेपन्नावं लागलं तेव्हा मी वर्षभर रोज सकाळी पोट चाचपायचे. चोपन्न लागल्यावर वाटलं, सुटले. असं काही नसतं हे मला माहीत होतं. मी शाळेत विज्ञान शिकवत होते.

चोवीस तारखेला तू बाहेर बसली होतीस तेव्हा आत सिस्टरनं तो रकाना वाचून विचारलं. मी सांगितलं. माईचं पूर्ण नाव सांगितलं, वय सांगितलं, आजाराचं नाव सांगितलं. ती फक्त मान हलवून लिहीत होती, आणि मी तिच्या पेनाकडे बघत होते. एवढंच होतं ते. एका रकान्यात मावलं.

तुला तेव्हा एवढंच कळलं होतं की आतड्यात एक मोड, म्हणजे पॉलिप, निघाला. डॉक्टरांनी तो तिथंच दुर्बिणीतून काढला आणि तपासायला पाठवला. शेंगदाण्याएवढा. आज रिपोर्ट आला. कॅन्सर नाही. पण त्या वाटेला लागलेला होता. मी विचारलं, तसाच राहिला असता तर? त्यांनी माझ्यासाठी कागदावर लिहिलं, "काही वर्षांनी, कदाचित. आता प्रश्न नाही." श्रद्धा रडायला लागली, मी तिला पाणी दिलं.

संध्याकाळी मुलाला समोर बसवलं आणि आजीचं सगळं सांगितलं. तो छत्तीस वर्षांचा आहे. चाळीस झाल्यावर जायचं, असं त्याच्याकडून कबूल करून घेतलं. साक्षीलाही तू सांग, अजून तिला खूप वेळ आहे.

कुणाच्या दुखण्याचे आभार मानायचे नसतात पमा. तरी मी मानते. तुझं दुखलं नसतं, त्या बाईनं हात मागे घेतला नसता, तू मला खरं लिहायला भाग पाडलं नसतंस, तर तो मोड माझ्या पोटात आणि तो अल्सर आपल्या घरात तसाच राहिला असता.

निघताना डॉक्टरांनी लिहून दिलंय की तीन वर्षांनी पुन्हा या. तीन वर्षांनी! डिसेंबरात तुझं पत्र आल्यापासून मी पुढच्या पत्रापलीकडचा विचार केला नव्हता. आज मी श्रद्धाला म्हटलं, अंगणात हापूसचं कलम लावू या. ती म्हणाली, फळ यायला चार-पाच वर्षं लागतील आई.

लागू देत म्हटलं.

तुझी,
मधुताई